मनगटातली मीडियन नर्व्ह: ‘नॉर्मल’ आकडा कुठला धरायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जिल्ह्याच्या ठिकाणी तुम्ही रेडिओलॉजिस्ट आहात. शेजारचे न्यूरोलॉजिस्ट हाताला मुंग्या येणारे पेशंट आता नर्व्हच्या सोनोग्राफीसाठी पाठवू लागलेत. मनगटाजवळ मीडियन नर्व्हच्या (मनगटातून तळहातात जाणारा मुख्य चेतातंतू) छेदाचे क्षेत्रफळ किती असले म्हणजे नॉर्मल, हे शोधायला गेलात तर एका ठिकाणी ९, दुसरीकडे १० आणि तिसरीकडे १२ चौरस मिलिमीटर मिळाले. म्हणून सेंटरमधल्याच दहा धडधाकट लोकांची मनगटे तपासलीत आणि चौघांचे माप १० च्या वर निघाले. हे चौघे आजारी आहेत, की तुमचे मोजमाप चुकतेय, की भारतीयांसाठी वेगळा तक्ता लागतो, असे तुम्ही विचारताय.

चौघे आजारी असण्याची शक्यता सगळ्यात कमी. उरलेल्या दोन शक्यतांत थोडे थोडे तथ्य आहे, पण खरी गोम तिसरीकडेच आहे: तुम्ही लावलेला १० हा आकडा निरोगी लोकांची वरची मर्यादा आहे का, हेच आधी तपासायला हवे.

छापील आकडे दोन जातींचे असतात आणि वाचताना त्यांची सरमिसळ होते. पहिली जात म्हणजे निरोगी माणसे घ्यायची, मोजायची, आणि त्यातली जवळपास सगळी ज्याच्या आत बसतात तो आकडा काढायचा. सरासरी अधिक दोन एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मापे सरासरीभोवती किती पसरलीत ते), किंवा वितरण एका बाजूला कललेले असेल तर ९७.५ वा पर्सेंटाइल (शंभरातली साडेसत्त्याण्णव मापे ज्याच्या आत येतात तो आकडा). दुसरी जात म्हणजे कार्पल टनल सिंड्रोमचे (मनगटाच्या अरुंद बोगद्यात मीडियन नर्व्ह दाबली जाणे) पेशंट एका बाजूला, निरोगी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना सगळ्यात नीट वेगळे करणारा कट-ऑफ शोधायचा. या दुसऱ्या प्रकारात काही निरोगी माणसे रेषेच्या पलीकडे जाणार हे गृहीतच धरलेले असते, कारण जास्तीत जास्त पेशंट पकडायचे असतात. ९ आणि १० हे आकडे बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीचे असतात. त्यांना निरोगी माणसाची कमाल मर्यादा समजून वापरले की तुमच्या सेंटरमध्ये झाले तेच होते.

उदाहरण घ्या. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या कार्टराइट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये निरोगी लोकांच्या बऱ्याच नर्व्ह मोजून एक तक्ता दिला, तो आजही सर्रास वापरला जातो. त्यात मनगटाजवळच्या मीडियन नर्व्हची सरासरीच ९.८ आहे आणि एसडी २.४. म्हणजे दोन एसडीची वरची मर्यादा साडेचौदाच्या पुढे गेली. त्या लोकांना १० ची रेषा लावली तर जवळपास निम्मे आजारी ठरतील! उलट जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने २०२१ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात मनगटाची सरासरी ८.३ आली. त्या आकड्यावर उभे राहिलात तर १० च्या वर जाणे थोडे लक्षात घेण्याजोगे होते. दोन्ही अभ्यास चांगलेच आहेत. माणसे वेगळी, मशीन वेगळी, मोजणारे हात वेगळे, म्हणून आकडे वेगळे.

तरी मनगट हे सगळ्यात गुळगुळीत झालेले ठिकाण आहे. १९९१ मध्ये इन्सब्रुकच्या बुखबर्गर यांनी कार्पल टनलमधली मीडियन नर्व्ह सोनोग्राफीवर दाखवली, तेव्हापासून जगभरच्या लोकांनी तिथेच प्रोब ठेवलाय. त्यामुळे तक्ते एकमेकांच्या आसपास तरी येतात. पायाकडे गेलात की खरी गंमत सुरू होते. घोट्याजवळच्या टिबिअल नर्व्हची सरासरी त्याच अमेरिकन तक्त्यात १३ च्या पुढे आहे आणि बोखुमच्याच २०१३ च्या तक्त्यात ७ च्या आत. पिंढरीच्या खालच्या भागातली सुरल एकीकडे ५ च्या वर, दुसरीकडे २ च्या आत. माणसामाणसांत इतका फरक नसतो. घोट्यापाशी टिबिअल शाखांत विभागायच्या बेतात असते, तिचे फॅसिकल (तंतूंचे जुडगे) पसरलेले असतात आणि भोवती चरबी असते, त्यामुळे रेघ नेमकी कुठे ओढायची यावरच दुप्पट फरक पडतो. सुरल इतकी लहान की रेघेची जाडीसुद्धा मापात मिसळते. म्हणून पायाच्या नर्व्हसाठी पुस्तकातला तक्ता जसाच्या तसा उचलायला मी कुणालाच सांगत नाही.

आता तुमच्या हाताकडे वळू. हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे आकडे फुगतात ते ९० टक्के इथेच.

सगळ्यात आधी रेघ. आडव्या छेदात नर्व्ह मधाच्या पोळ्यासारखी दिसते: काळे फॅसिकल, मधे पांढऱ्या भिंती, आणि बाहेरून एपिन्यूरियमची (नर्व्हच्या बाहेरच्या आवरणाची) पांढरी कडा. रेघ या पांढऱ्या कडेच्या आतल्या बाजूने ओढायची. तक्ते बहुतेक असेच बनले आहेत. बाहेरून ओढली तर काय होते ते आकड्यांत पाहा. मनगटाजवळची नर्व्ह ५.५ मिमी रुंद आणि २.१ मिमी जाड धरली तर लंबवर्तुळाच्या सूत्राने क्षेत्रफळ ९.१ येते. रेघ सगळीकडून फक्त ०.२ मिमी बाहेर सरकली, तर तीच नर्व्ह ५.९ बाय २.५ होते आणि क्षेत्रफळ ११.६. पडद्यावर ०.२ मिमी म्हणजे काहीच नाही, पण रिपोर्टमध्ये माणूस नॉर्मलचा अॅबनॉर्मल झाला. तुमच्या चौघांचे फ्रीझ केलेले फोटो उघडा आणि रेघ कुठून गेलीय ते पहिल्यांदा पाहा. माझी पैज त्यावरच आहे.

मग तिरका छेद. नर्व्हला काटकोनात कापले नाही की वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. २० अंश तिरपे असेल तर ९ चे ९.६ होते, ३० अंशाला १०.४. मनगटाजवळ मीडियन नर्व्ह त्वचेला समांतर जात नाही, टनेलमध्ये शिरताना खाली उतरते, त्यामुळे प्रोब त्वचेला सरळ धरला म्हणजे नर्व्हला सरळ झाला असे होत नाही. प्रोबचा मागचा भाग हळूहळू झुलवत राहा. नर्व्हची कडा जिथे सगळ्यात ठळक दिसते आणि क्षेत्रफळ सगळ्यात कमी भरते, तो काटकोन. याच झुलवण्यात टेंडन काळे पडतात आणि नर्व्ह तशीच राहते, त्यामुळे तिची ओळखही पटते.

दाब देऊ नका. जेल भरपूर घ्या, प्रोबचे वजन तुमच्या करंगळीवर पेला, आणि त्वचा व प्रोबच्या मधे जेलचा पातळ थर दिसत राहील असे धरा. दाबलेली नर्व्ह चपटी होते आणि तिच्या दोन्ही टोकांच्या कडा पुसट होतात. मग माणूस अंदाजाने रेघ ओढतो, आणि अंदाज सहसा बाहेरच जातो. मनगट सरळ, बोटे सैल अर्धवट वळलेली, तळहात वर. प्रत्येक वेळी तेच.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट, जी बऱ्याच सेंटरमध्ये राहून जाते. मशीन क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये दाखवत असेल तर दोनच दशांश स्थळे मिळतात. ०.०९ नंतर थेट ०.१०. म्हणजे मोजायची पट्टीच एका पूर्ण चौरस मिलिमीटरच्या पायऱ्यांची झाली, आणि आपण ज्या फरकावर भांडतोय तोही एक-दोन पायऱ्यांचाच आहे. सेटिंगमध्ये जाऊन मिलिमीटर करून घ्या. मशीन ऐकत नसेल तर कंपनीच्या अॅप्लिकेशनवाल्या माणसाला बोलवा, पाच मिनिटांचे काम आहे.

तुमचा प्रोब थायरॉइडसाठी वापरतात तो १२ मेगाहर्ट्झचा लिनिअर आहे असे तुम्ही लिहिलेय. मनगटातल्या मीडियनसाठी तो चालतो. १५-१८ वर कडा जास्त स्वच्छ दिसेल, विशेषतः दोन्ही टोकांना, कारण आडव्या दिशेचे रिझोल्यूशन उभ्यापेक्षा नेहमी कमीच असते. पण सुरल किंवा रेडिअलच्या वरवरच्या शाखेचे माप १२ वर काढून ते १८ च्या तक्त्याशी ताडू नका. मस्क्युलोस्केलेटल प्रीसेट निवडा, फोकस नर्व्हच्या पातळीवर आणा, डेप्थ कमी करून चित्र मोठे करा आणि मग ट्रेस करा. तीन वेळा प्रोब उचलून पुन्हा ठेवून मोजा आणि सरासरी घ्या. एकाच फ्रीझ चित्रावर तीनदा ओढलेल्या रेघा म्हणजे तीन मापे नव्हेत.

पुढचा मुद्दा जागेचा. ‘मनगटाजवळ’ म्हणजे नेमके कुठे? कार्पल टनलचे तोंड, म्हणजे पिसिफॉर्म हाडाची (मनगटातले करंगळीच्या बाजूचे छोटे हाड) पातळी, हे सगळ्यात जास्त वापरलेले ठिकाण आहे, आणि तुम्हीही तेच धरा असे मी सुचवेन. काही अभ्यास त्याच्या थोडे वर मोजतात, काही टनलच्या आत हॅमेट हाडाच्या हुकापाशी. तक्ता उचलण्याआधी त्यातली जागा वाचा. नर्व्ह दुभागलेली असेल किंवा मधे पर्सिस्टंट मीडियन आर्टरी (जन्मापूर्वीची, काही लोकांत टिकून राहिलेली धमनी) असेल तर दोन्ही भाग वेगवेगळे ट्रेस करून बेरीज करा, धमनी वगळून. दहातल्या एखाद्या निरोगी माणसात हे सहज सापडते. तुमच्या चौघांत असे कुणी नाही ना, तेही बघून घ्या.

जागेशीच जोडलेली एक फसवणूक आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निरोगी माणसांचे तक्ते ठरलेल्या जागी मोजून बनतात. पेशंट समोर असतो तेव्हा मात्र आपण प्रोब वरखाली फिरवून नर्व्ह सगळ्यात जाड कुठे आहे ते शोधतो आणि तिथले माप घेतो. शोधून काढलेले कमाल माप ठरलेल्या जागेच्या मापाशी ताडले तर ते नेहमीच मोठे दिसणार, नर्व्ह कितीही निरोगी असो. पेशंटमध्ये कमाल शोधायचे असेल तर निरोगी माणसांतही तेवढ्याच चिकाटीने कमाल शोधा आणि त्याचा वेगळा रकाना ठेवा. मी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिते: पिसिफॉर्मपाशी इतके, कमाल इतके, अमुक जागी.

‘निरोगी’ कुणाला म्हणायचे, हाही प्रश्न तेवढाच टोकदार आहे. सेंटरमधला स्टाफ हाताशी असतो म्हणून आपण तोच घेतो. पण दिवसभर की-बोर्डवर बसणारी रिसेप्शनिस्ट आणि दिवसभर ट्रॉली ढकलणारे मामा यांच्या मनगटांवर येणारा भार सारखा नसतो, आणि सगळे एकाच वयाच्या आसपासचे असतात. मुंग्या येत नाहीत एवढ्यावर निरोगी ठरवू नका. रात्री हात बधिर होऊन जाग येते का, हात झटकावा लागतो का, असे थेट विचारा. बरेच लोक ती तक्रार मानतच नाहीत. आपल्याकडे मधुमेह अंगात असून माहीत नसणारे कमी नाहीत, तेव्हा एक एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी) तरी करून घ्या. थायरॉइड, किडनीचा आजार, केमोथेरपी, दारू, मनगटाचे जुने फ्रॅक्चर, गरोदरपण, हे सगळे विचारून वगळा. पेशंटचे नातेवाईक हा वयाच्या दृष्टीने चांगला गट आहे, फक्त आनुवंशिक न्यूरोपॅथीच्या पेशंटचे रक्ताचे नातेवाईक त्यात घेऊ नका. शार्को-मारी-टूथच्या १ए प्रकारात काहीच तक्रार नसलेल्या भावाच्या नर्व्हही सगळीकडे भल्यामोठ्या असू शकतात. शक्य असेल तर तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विनंती करून या लोकांचे नर्व्ह कंडक्शन (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ती चाचणी) करून घ्या. तक्रार नसलेल्या माणसांतही मनगटाशी मीडियनचा वेग थोडा मंदावलेला सापडतो, आणि अशी दोन-तीन माणसे तुमच्या ‘नॉर्मल’ गटात शिरली की मर्यादा वर सरकते.

भारतीयांसाठी वेगळा तक्ता हवा का? अर्धे हो. नर्व्हचे माप वजन आणि बीएमआयबरोबर वाढते, पुरुषांत थोडे जास्त असते, वयाबरोबर किंचित वाढते. उजवा-डावा फरक निरोगी माणसात फारसा नसतो. अमेरिकन स्वयंसेवकांचा तक्ता आपल्याकडच्या ४५ किलोच्या शेतमजूर बाईला लावला तर तिची सुजलेली नर्व्हसुद्धा नॉर्मलमध्ये बसेल. आपल्या देशातही काम झालेय. लोकेश बथला आणि सहकाऱ्यांनी मीडियन आणि अल्नर नर्व्हचे हातभरातले माप प्रत्येकी १०० आशियाई व्यक्तींत घेऊन प्रसिद्ध केलेय. वाचायला सुरुवात तिथून करा. पण तो तक्ताही ‘भारतीय’ म्हणून आपोआप तुमचा होत नाही. नाशिकच्या मुलाची आणि नेल्लोरच्या मुलाची नर्व्ह जितकी वेगळी असेल, त्यापेक्षा तुमची रेघ आणि त्यांची रेघ जास्त वेगळी असू शकते.

म्हणून मी सांगते ते हे: दुसऱ्याचा तक्ता घ्यायला हरकत नाही, पण तो आपल्या हाताने, आपल्या मशीनवर एकदा पारखून घ्या. स्वतःचा तक्ता शून्यातून बनवणे वाटते तितके सोपे नाही. पॅथॉलॉजी लॅबसाठीचे सीएलएसआय या अमेरिकन मानक-संस्थेचे मार्गदर्शक पर्सेंटाइलने मर्यादा काढायला किमान १२० माणसे मागते, आणि स्त्री-पुरुष वेगळे करायचे तर प्रत्येकी तेवढी. जिल्ह्याच्या एका सेंटरला ते पेलणारे नाही. त्याच मार्गदर्शकात पारखण्याची सोपी पद्धत दिली आहे, ती आपल्याला जशीच्या तशी वापरता येते. २० निरोगी माणसे घ्या. छापील मर्यादेबाहेर दोन किंवा कमी गेली तर तक्ता तुम्हाला चालतो. तीन-चार गेली तर आणखी २० घ्या आणि पुन्हा तोच नियम लावा. पाच किंवा जास्त गेली तर थांबा. तक्ता तुमच्यासाठी नाही, किंवा तुमची पद्धत त्या तक्त्याची नाही.

तुमचे दहापैकी चार या हिशोबात कुठे बसतात? १० ही खरोखर ९७.५ व्या पर्सेंटाइलची रेषा असती तर दहा निरोगी माणसांत चौघे बाहेर जाण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी निघते. इतका दुर्मिळ योगायोग तुमच्याच सेंटरमध्ये घडला असे मानण्यापेक्षा मर्यादेची रेषा किंवा तुमची ट्रेसची रेघ चुकली असे मानणे शहाणपणाचे. आणि एक: माणूस एक पण मनगटे दोन, म्हणून १० माणसांची २० मापे झाली असे धरू नका. एकाच माणसाची दोन्ही मनगटे एकमेकांसारखीच असतात. प्रत्येकाची एक बाजू घ्या, किंवा दोन्हीची सरासरी.

या कामासाठी न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्यात मशीन नेऊन बसायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडून द्या. पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याखालची) सोनोग्राफीची नोंदणी जागेशी बांधलेली असते. नर्व्ह बघायची होती हे कारण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे चालणार नाही. माणसे तुमच्याकडे बोलवा, लेखी संमती घ्या, आणि पुढे कधी हे छापायचा विचार असेल तर सुरुवातीलाच एथिक्स कमिटीकडे जा.

आता त्याच माणसातल्या तुलनेबद्दल. तक्त्याचा गोंधळ टाळायला पेशंटचीच नर्व्ह वर फोरआर्ममध्ये (कोपर ते मनगट) मोजायची आणि मनगटाच्या मापाला त्याने भागायचे, ही कल्पना मला मनापासून आवडते. सडपातळ बाईचे मनगटाशी ९.५ आणि वर फोरआर्ममध्ये ४.८ असेल तर गुणोत्तर २ च्या जवळ जाते. तक्ता काही म्हणो, हे मला सरळ वाटत नाही. जाडजूड पुरुषाचे ११ आणि ९ असेल तर गुणोत्तर १.२, आणि तो ११ मला त्रास देत नाही. २००८ मध्ये हॉब्सन-वेब आणि सहकाऱ्यांनी मनगटाच्या घडीपासून १२ सेंमी वर मोजून १.४ ही मर्यादा सुचवली. पण तीही आंधळेपणाने लावू नका. बोखुमच्या एकत्रित विश्लेषणात निरोगी लोकांची मनगटाची सरासरी ८.३ आणि फोरआर्मची ६.४ आहे. भागाकार १.३. म्हणजे सरासरी निरोगी माणूसच १.४ च्या उंबरठ्यावर उभा आहे, त्यातले बरेच पलीकडे जाणार हे उघड आहे.

भागाकाराऐवजी वजाबाकी करायची पद्धत क्लाउझर यांनी २००९ मध्ये दिली. टनलमधले माप वजा प्रोनेटर क्वाड्रेटस या फोरआर्मच्या खालच्या स्नायूच्या पातळीवरचे माप, २ किंवा जास्त असेल तर कार्पल टनल सिंड्रोम. इथे लोक हमखास गफलत करतात: २ चा आकडा लक्षात ठेवतात आणि वजा मात्र १२ सेंमी वरचे माप करतात. प्रोनेटर क्वाड्रेटस मनगटाच्या अगदी जवळ आहे, तिथे निरोगी माणसात फरक जवळपास नसतो. १२ सेंमी वर निरोगी माणसातच सरासरी फरक २ च्या आसपास येतो, वरचेच दोन आकडे वजा करून बघा. १.४ बरोबर १२ सेंमी, २ बरोबर प्रोनेटर क्वाड्रेटस, ही जोडी फोडू नका. आणि मधुमेही किंवा सगळ्याच नर्व्ह जाड असलेल्या पेशंटमध्ये दोन्ही पद्धती खोटा दिलासा देतात, कारण तुलनेची जागाच सुजलेली असते.

तुम्ही पुढे पॉलिन्यूरोपॅथीचे (एकाच वेळी अनेक नर्व्हचा आजार) पेशंटही बघणार आहात म्हणून एक हिशोब सांगते. प्रत्येक जागेची मर्यादा ९७.५ पर्सेंटाइलची असेल आणि तुम्ही एका निरोगी माणसाच्या २० जागा मोजल्या, तर किमान एक जागा मर्यादेबाहेर जायची शक्यता ४० टक्के आहे (जागा एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरून). एका सुट्या ‘वाढलेल्या’ मापावर आजार लिहू नका. सीआयडीपीसाठी (नर्व्हच्या आवरणाला दीर्घकाळ दाह होणारा आजार) २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शकात म्हणूनच किमान दोन जागा मागितल्या आहेत, त्याही मुद्दाम वरच्या: मीडियन फोरआर्मला १० च्या वर, दंडात १३ च्या वर, मानेत ब्रेकिअल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचे जाळे) ९ च्या वर किंवा नर्व्ह रूट १२ च्या वर. मनगट आणि कोपर त्यात नाहीत, कारण तिथे साध्या दाबानेही नर्व्ह जाड होते. हे आकडेही कट-ऑफ जातीचे आहेत, निरोगी माणसाची मर्यादा म्हणून दुसरीकडे चिकटवू नका.

कोपरातल्या अल्नरबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलेय. तिथली वरची मर्यादा ८ ते १० च्या आसपास छापलेली सापडते. निरोगी माणसातही मीडियल एपिकाँडाइलपाशी (कोपराच्या आतल्या बाजूचे हाडाचे टोक) ती वरखालच्या भागांपेक्षा थोडी मोठी आणि काळसर दिसते. त्यावरून क्युबिटल टनल सिंड्रोम (कोपरात अल्नर दाबली जाणे) लिहायची घाई नको. कोपर वाकवल्यावर नर्व्ह चपटी होते, काही लोकांत जागेवरून सरकतेही; १९५६ मध्ये चिल्ड्रेस यांना सुमारे १६ टक्के कोपरांत ती सरकताना आढळली होती, आणि ती माणसे आजारी नव्हती. म्हणून कोपर किती वाकवले ते एकदा ठरवा आणि सगळ्यांना तेच ठेवा. आपल्या राज्यात मात्र एक जागा सोडू नका: एपिकाँडाइलच्या काही सेंटिमीटर वर, दंडाच्या खालच्या भागात. कुष्ठरोगात अल्नर सर्वाधिक जाड तिथेच सापडते, टनेलमध्ये नव्हे. गडचिरोली-चंद्रपूरकडचे पेशंट तुमच्याकडे येतात असे तुम्ही लिहिलेय, तेव्हा निरोगी माणसांचेही तिथले माप घेऊन ठेवा, आणि ‘निरोगी’ ठरवताना बधिर चट्टा किंवा घरात कुणाचे एमडीटी (कुष्ठरोगाचे औषधोपचार) झालेय का, हे विचारा.

मुलांना यातले काहीच लावू नका. नर्व्ह वयाबरोबर वाढते, दहा वर्षांच्या मुलाला प्रौढांचा तक्ता लावला की आजारही नॉर्मल दिसतो.

राहिला रिपोर्ट. न्यूरोलॉजिस्टना ‘माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर’ हवेय असे तुम्ही म्हणता. क्षेत्रफळावरून ती प्रतवारी मी करत नाही. तीव्रता कंडक्शनवर ठरते, आणि जुन्या, पुष्कळ तंतू गमावलेल्या नर्व्हचे माप खालीही येऊ शकते. माझी मनगटाची वाक्ये साधारण अशी असतात: “उजवी मीडियन नर्व्ह, पिसिफॉर्म पातळी: १०.५ चौ.मिमी (तीन मापांची सरासरी, कडेच्या आतून ट्रेस). १२ सेंमी वर: ६.० चौ.मिमी, गुणोत्तर १.८. कमाल माप पिसिफॉर्मपाशीच. फॅसिकल काळसर, टनलमध्ये नर्व्ह चपटी. आमच्या सेंटरमध्ये पारखलेली वरची मर्यादा ११. माप मर्यादेत, पण गुणोत्तर आणि रचना मनगटाशी दाबाकडे निर्देश करतात. कंडक्शनशी ताडून पाहावे.” १० ते १२ च्या मधले माप एकटेच असेल, बाकी सगळे ठीक असेल, तर मी ‘सीमेवरचे’ असे लिहून तिथेच थांबते. दशांशानंतर एकच अंक लिहा, ९.३७ लिहिण्याइतकी अचूकता या पद्धतीत नाही.

त्या चौघांची मापे आठवड्याभराने पुन्हा घ्या, आधीचे आकडे न बघता, कडेच्या आतून. त्यातली दोन-तीन तरी १० च्या खाली येतील असा माझा अंदाज आहे. जो येणार नाही त्याची साखर तपासा, आणि वजन लिहून ठेवा.